कॉलरमागची चिठ्ठी

दिवाळीचे नवे कपडे कुठे ना कुठे टोचतातच. आमच्या लहानपणी ते खळीमुळे टोचत. वडील परळच्या एका गिरणीत साच्यांवर होते. बोनस झाला की ते गिरणीच्याच दुकानातून एका ताग्याचा मोठा तुकडा आणीत आणि चाळीतला शिंपी त्यातून आम्हा चौघा भावंडांचे कपडे बेतून देई. तिघांचे सदरे, बहिणीचा फ्रॉक आणि उरलेल्या तुकड्यातून खिडकीचा पडदा, असा सगळा एकाच छापाचा संसार! आम्ही खिडकीशी उभे राहिलो की पोरे कुठली आणि पडदा कुठला हे कळत नाही, असे आई म्हणायची. पण त्या कपड्यांबद्दल एक प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. हे कापड केले कुणी, हा. ज्याने ते विणले तो माणूस समोरच पाटावर बसून बशीतून चहा पीत असे.

गेल्या दिवाळीत माझ्या दहा वर्षांच्या नातवाला एक शर्ट घेतला. निळा, चौकटीचा, मोठ्या झगझगीत दुकानातला. पहिल्या अंघोळीच्या पहाटे उटण्याचा वास अंगाला असतानाच तो धावत आला आणि मान पुढे करून म्हणाला, "आजोबा, मागची चिठ्ठी टोचते. कापून टाका ना."

मी चष्मा लावला, हिच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि कॉलर उलटी केली. जन्मभराची खोड, कापण्याआधी चिठ्ठी वाचली. शंभर टक्के सुती. थंड पाण्यात धुवावे. मेड इन बांगलादेश.

"म्हणजे हा शर्ट तिथून आला? कुणी शिवला तो?" नातवाने विचारले.

"असेल कुणी तरी बाई," मी म्हणालो. हात मात्र तसाच थांबला.

या चिठ्ठ्यांशी माझा संबंध जुना आहे. तयार कपडे परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत मी चौतीस वर्षे नोकरी केली. वडील सूत आणि साचे यांत राहिले. मी काजे आणि बटणे यांत. मुंबईच्या उपनगरांतल्या औद्योगिक वसाहतींत आमचा माल शिवून घेतला जाई. एकेका गाळ्यात पन्नास-साठ शिवणयंत्रे, एका टोकाला कापणीचे लांब टेबल, दुसऱ्या टोकाला इस्त्री, आणि मध्ये जमिनीवर फतकल मारून बसलेल्या, तयार कपड्यांचे लोंबते धागे कापणाऱ्या बायका. मी तिथे जाऊन टाके मोजायचे, मापे घ्यायची, रंग उन्हात धरून पाहायचा. टाका चुकला की माल परत. या बाबतीत मी फार कडक समजला जात असे, आणि खरे सांगायचे तर त्या कडकपणाचा मला अभिमानही होता.

१९९० नंतर परदेशी गिऱ्हाइकांकडून मालाच्या नमुन्याबरोबर आणखी एक कागद येऊ लागला. कारखान्यात लहान मुले कामाला आहेत काय? पिण्याचे पाणी आहे काय? स्वच्छतागृह आहे काय? आपत्कालीन मार्ग आहे काय? तिकडच्या वर्तमानपत्रांनी नामांकित कंपन्यांचे कपडे कसल्या जागी शिवले जातात ते छापायला सुरुवात केली होती आणि कंपन्यांना आपल्या नावाची काळजी वाटू लागली होती. तो कागद भरण्याचे कामही माझ्याचकडे आले. टाके मोजणाऱ्यालाच माणसे मोजायला सांगितली, एवढेच.

१९९६ सालची गोष्ट. दिवाळी तोंडावर आली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात मी तो कागद घेऊन हिंडत होतो. धागे कापणाऱ्यांतली एक वयस्क बाई उठून माझ्याजवळ आली. हातात छोटी कात्री तशीच. हळूच म्हणाली, "साहेब, त्या मागल्या जिन्याचं दार एकदा उघडून बघा की."

मी जाऊन पाहिले. दारापुढे खोकी छताला भिडलेली, आणि खोक्यांच्या फटीतून दिसणारे मोठे कुलूप. साठ-सत्तर माणसे, भोवती कापडाचे ढीग, तापलेल्या इस्त्र्या, आणि खाली उतरायला पुढचा एकच अरुंद जिना.

मी मालकाला गाठले. मालक काही राक्षस नव्हता. स्वतः मास्टर म्हणून कात्री धरून वर आलेला माणूस. त्याने मला चहा दिला आणि सरळ हिशेब मांडला. "साहेब, दार उघडं ठेवलं तर माल जातो. माल जाऊ नये म्हणून पहारेकरी ठेवायचा, तर त्याचा पगार आला. खोकी ठेवायला दुसरी जागा घ्यायची, तर तिचं भाडं आलं. या खेपेला तुम्ही पीसमागे दोन रुपये तोडलेत आणि तारीख आठ दिवस अलीकडे घेतलीत. ते दोन रुपये परत द्या, आज संध्याकाळी कुलूप काढतो."

ते दोन रुपये मीच तोडले होते. मला आमच्या साहेबांनी सांगितले होते, साहेबांना परदेशी गिऱ्हाइकाने, आणि त्या गिऱ्हाइकाला त्याच्या दुकानात येणाऱ्या लोकांनी, ज्यांना नाताळात शर्ट गेल्या वर्षीपेक्षा स्वस्त हवा होता. प्रत्येकाकडे बोट दाखवायला दुसरा होता. आपल्याकडे बारभाईची खेती म्हणतात ती हीच. शेत सगळ्यांचे, राखण कुणाचीच नाही.

चहा संपवून मी कागद पुढे ओढला. 'आपत्कालीन मार्ग आहे काय?' या प्रश्नापुढे लिहिले, 'आहे.' ते खोटे नव्हते. मार्ग होता. त्याला कुलूप होते. पण कुलपासाठी कागदावर रकाना नव्हता.

जाताना ती बाई माझ्याकडे पाहत होती. मी मान हलवली. तिने त्याचा काय अर्थ घेतला असेल कोण जाणे. शर्ट वेळेवर गेले, नाताळात विकले गेले. त्या गाळ्याला कधी आग लागली नाही. पण त्याचे श्रेय माझे नव्हते.

पुढे सतरा वर्षांनी, निवृत्तीला तीनच महिने उरलेले असताना, ती बाई मला पुन्हा आठवली. २४ एप्रिल २०१३ या दिवशी ढाक्याजवळच्या सावर गावात राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. तिच्यात पाच शिवण-कारखाने होते. अकराशेहून अधिक माणसे मेली, सुमारे अडीच हजार जखमी झाली. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. वरचे मजले परवानगीवाचून चढवलेले. इतक्या यंत्रांचा भार पेलायला ती इमारत मुळी बांधलेलीच नव्हती, आणि वर अवजड जनरेटर ठेवलेले.

या साऱ्यापेक्षा मला झोंबली ती आदल्या दिवसाची हकीगत. २३ तारखेला खांबांना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. लोक बाहेर पडले होते. खालच्या मजल्यावर एक बँक होती; तिने आपल्या माणसांना येऊ नका म्हणून सांगितले. दुकानेही बंद राहिली. शिवणाऱ्या मुलींना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी परत बोलावले गेले. त्या दारात घुटमळल्या, तर पगार कापण्याची धमकी. महिना संपत आला होता. पगार गेला तर घरभाडे कुठून द्यायचे? त्या आत गेल्या. नऊच्या सुमारास वीज गेली, वरचे जनरेटर सुरू झाले आणि सारे खाली आले.

तडा एकच. बँकेतल्या माणसांनीही तो पाहिला आणि शिवणाऱ्या मुलींनीही. बँकेतला माणूस घरी राहू शकला, मुलगी राहू शकली नाही. तिला धोका समजत नव्हता असे नाही. माझ्या त्या धागेवाल्या बाईलाही तो माझ्याआधी समजला होता. नुसते समजून काय उपयोग? 'मी आत जाणार नाही' असे म्हणून दुसऱ्या दिवशी पोट भरता आले पाहिजे ना!

आणि कागद? कागदही भरलेले होते. राणा प्लाझातल्या काही कारखान्यांची 'सामाजिक तपासणी' आधी होऊन गेली होती. इमारतीची बळकटी त्या तपासणीच्या कक्षेत येत नव्हती, असा खुलासा नंतर झाला. त्याच्या आदल्या वर्षी, ११ सप्टेंबर २०१२ ला, कराचीत एका कपड्यांच्या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक माणसे गेली. त्या कारखान्याला उत्तम व्यवस्थेचे प्रमाणपत्र मिळून थोडेच आठवडे झाले होते. ही बातमी वाचताना मला वाटले, त्या प्रमाणपत्रावरचे अक्षर माझेच असावे.

राणा प्लाझाच्या ढिगाऱ्यात माणसे शोधताना लोकांनी आणखी एक गोष्ट शोधली. कॉलरमागच्या चिठ्ठ्या. या इमारतीत आमचा माल होत होता हे आम्हाला ठाऊकच नव्हते, असे काही परदेशी कंपन्या म्हणू लागल्या. काम ठेक्यातून पोटठेक्यात जाते, तेव्हा हे अगदी अशक्य नसते. पण विटा-मातीखालून शिवलेल्या चिठ्ठ्या निघाल्या, त्यांवर नावे होती. बोटभर कापडाचा तुकडा साक्षीला उभा राहिला.

मग जे घडले ते मला महत्त्वाचे वाटते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात एक करार झाला. लोक त्याला 'अकॉर्ड' म्हणतात. पुढे त्यावर दोनशेहून अधिक कंपन्यांनी सह्या केल्या आणि सोळाशेच्या वर कारखाने त्याखाली आले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा माणूस निःपक्ष अध्यक्ष म्हणून बसला. तपासणारे अभियंते स्वतंत्र, त्यांचे अहवाल कुणालाही वाचायला खुले. दुरुस्तीचा बोजा एकट्या कारखानदारावर टाकून कंपनीला हात झटकता येणार नाहीत. पैसा उभा राहील असे पाहणे तिलाही बंधनकारक. आणि जागा धोक्याची वाटली तर आत जायला नकार देण्याचा कामगाराचा हक्क, पगार न बुडता, चक्क लिहून दिलेला! अभियंत्यांनी जे दोष हुडकले त्यांत एक तर जागोजाग सापडला. बाहेर पडायच्या दारांना कुलपे. ती काढायला लावली.

तुम्ही म्हणाल, करार काय, कागदच तो! मलाही आधी तसेच वाटले. पण या कागदाला दात होते. दुरुस्त्या रेंगाळल्या म्हणून कामगार संघटनांनी २०१६ मध्ये दोन कंपन्यांना हेगच्या लवादापुढे नेले. तडजोड झाली, तेव्हा त्यांतल्या एकीला वीस लाख डॉलरहून जास्त रक्कम मोजावी लागली. माझ्या कागदावर चूक लिहिल्याबद्दल मला कुणी वीस रुपयेही दंड केला नसता.

२०२० च्या जूनपासून बांगलादेशातले हे काम कारखानदार, परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना या तिघांच्या मंडळाकडे गेले. करार २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय झाला आणि पुढे पाकिस्तानातही पोचला. सगळे गोड झाले असे मात्र नाही. इमारती मजबूत झाल्या तरी पगाराचे दुखणे उरलेच. २०२३ मध्ये बांगलादेशातल्या कामगारांनी महिना किमान २३,००० टका मागितले, त्यासाठी रस्त्यावर उतरले, काहींचे प्राणही गेले. ठरले ते १२,५००. कारखानदार म्हणतात, दारे आम्ही बदलली, खांब आम्ही बांधले, पण गिऱ्हाईक शर्टाचा भाव वाढवून द्यायला तयार नाही. हे ऐकले की मला तो चहा आणि ते दोन रुपये आठवतात.

आमचे वडील फार शिकलेले नव्हते, पण एक गोष्ट ते नेहमी सांगत. "रविवार काही देवानं दिलेला नाही, लोखंड्यांनी मिळवलेला आहे." नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजारांच्या सह्यांचा अर्ज केला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, आणि कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत वेतन. १८९० च्या एप्रिलमध्ये त्यांनी दहा हजार कामगारांची सभा घेतली, तीत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

गंमत अशी, की त्याआधी १८८१ मध्ये कारखान्यांचा जो पहिला कायदा झाला, त्यामागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचाही जोर होता. मुंबईचे सूत आपल्याला भारी पडू लागले म्हणून त्यांना इथल्या कामगारांची दया आली! तो कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. सात वर्षांखालच्यांना मनाई आणि बाराखालच्यांना दिवसाला नऊ तास. दूरच्या माणसाचा कळवळा असा पुष्कळदा स्वार्थात भिजलेला असतो. तरीही तो टाकाऊ नसतो. मात्र खुद्द कामगार बोलायला उभा राहिला तेव्हाच त्या कायद्याच्या पुढे पाऊल पडले.

मघाशी मी बारभाईची खेती म्हणालो, पण खऱ्या बारभाईंवर हा अन्याय आहे. नारायणरावांच्या खुनानंतर जे मुत्सद्दी एकत्र आले, त्यांचे आपसांत काही फार सख्य नव्हते. तरी तान्ह्या सवाई माधवरावांना पुढे करून त्यांनी राज्य सावरले. एकमेकांवर पुरता भरवसा नसलेली माणसेसुद्धा एक काम पार पाडू शकतात. फक्त ते कुणासाठी चालले आहे हे ठरलेले हवे, आणि कोणत्या वाट्याला कोण बांधील हेही. अकॉर्डने तेच केले. आमच्या गाळ्यात तेवढेच नव्हते. तिथे मी होतो, मालक होता, कंपनी होती, परदेशी गिऱ्हाईक होते. जिच्यासाठी दार उघडायचे ती मात्र जमिनीवर बसून धागे कापत होती. तिला आमच्या टेबलाशी खुर्ची नव्हती.

निवृत्त होण्याच्या आधी मी एकदा त्या वसाहतीत जाऊन आलो. गाळ्यात पार्सले ठेवण्याचे गोदाम झाले होते. मागल्या जिन्याचे दार सताड उघडे होते. हमालांना तिथून सोयीचे पडते म्हणून. त्या बाईची चौकशी करावी असे मनात आले, पण कुणाला काय विचारणार? मी तिचे नावसुद्धा विचारले नव्हते. हजारो शर्टांच्या मापांची माझी वही अजून घरात आहे. तिच्यात ते नाव नाही.

यातले थोडेसे, त्याला समजेल तेवढे, मी त्या पहाटे नातवाला सांगितले. बाहेर फटाके वाजत होते. एरवी तो क्षणभर थांबला नसता. सगळे ऐकून त्याने एकच विचारले.

"मग आजोबा, तुम्ही उघडलंत का ते दार?"

"नाही रे."

तो काही बोलला नाही. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "अहो, पोराला सणासुदीला काय सांगत बसलात! फराळाला या." पण चकलीचे ताट पुढे ठेवताना तिने माझ्याकडे पाहिले, त्यावरून तिनेही सगळे ऐकले होते हे मला कळले. अठ्ठावीस वर्षांत मी तिलाही हे सांगितले नव्हते.

आता कुणी विचारील, मग काय, हे शर्ट घेऊच नयेत? मला तसे वाटत नाही. बांगलादेशात लाखो मुलींची चूल त्या यंत्रांवर पेटते. आपण पाठ फिरवली तर कुलूप निघणार नाही, कारखानाच बंद होईल. आमच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर वडील पुन्हा खात्यात गेले नाहीत. बंद भोंग्याचे घर कसे असते ते मी पाहिले आहे. पण दुकानात रंग, माप आणि किंमत विचारतो तसे आणखी एक विचारता येते. तुमचा माल कुठे होतो ते तुम्ही उघड सांगता का, आणि तिथल्या कामगारांबरोबर तुमचा काही लेखी करार आहे का? काउंटरवरच्या मुलाला उत्तर येणार नाही. तो गोंधळेल, फार तर हसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर मात्र तो वरच्याला विचारील. दोन रुपये कमी करण्याची मागणी अशीच एकेक पायरी चढत गेली होती. दुसऱ्या मागणीलाही तोच जिना आहे.

चिठ्ठी मी शेवटी उसवून काढली, टाका धरून, कापडाला धक्का न लावता. पोराची मान सुटली आणि तो फुलबाज्या घेऊन गॅलरीत पळाला. ती चिठ्ठी मी मापांच्या त्या जुन्या वहीत ठेवली आहे. यंदाच्या खरेदीला वही बरोबर नेणार आहे.